‘पटवणे’ : एका क्रियापदाची जात

‘पोरगी पटवली’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर, पानाच्या ठेल्याजवळ ते सहज बोलले जाते. बोलणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटते, ऐकणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. या लेखात मला या एका क्रियापदाचा विचार करावयाचा आहे. ते कोठून आले, कोण ते वापरू शकतो, कोणाला ते वापरता येत नाही, आणि आपण ते कसे वापरावे, हे पाहावयाचे आहे.

भूमिहीनता, बेकारी, अत्याचार हे प्रश्न समोर असताना एका चावट शब्दाचा कीस कशाला काढता, असे काही मित्र विचारतील. त्यांना मी एवढेच सांगेन की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातींविषयीचा आपला निबंध वाचला, तेव्हा त्यांनी जातीचे मर्म शिवाशिवीत किंवा धंद्यात शोधले नाही. ते त्यांनी जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत शोधले. ही सक्ती टिकवायची तर स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो, हेही त्यांनी तेथे दाखवून दिले. म्हणजे कोणी कोणाकडे पाहावे, कोणाशी बोलावे, कोणाला मागणी घालावी, हा प्रश्न चावटपणाचा नसून जातीच्या पायाचा आहे. त्या पायावर जे शब्द पहारा देतात त्यांची झडती घेणे हे आपलेच काम आहे.

प्रथम मूळ शब्द पाहू. ‘पटवणे’ हे ‘पटणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. ‘पटणे’ हा मराठीतला एक सुंदर शब्द आहे. विचार पटतो, मुद्दा पटतो. दोघा भावांचे पटते किंवा पटत नाही. खात्री पटते, ओळख पटते. बाजारात भाव पटतो, सौदा पटतो. आज बँकेत चेक ‘वटतो’. पूर्वी पेढीवर हुंडी ‘पटायची’, म्हणजे तिच्यावर लिहिलेली रक्कम मान्य होऊन हातात पडायची. या सर्व उपयोगांत एक समान गोष्ट आहे. दोन बाजू आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळतात. एका बाजूने जबरदस्ती केली तर ‘पटले’ असे म्हणता येत नाही. दंडुका दाखवून मान्य करवलेल्या गोष्टीला ‘मानावे लागले’ म्हणतात, ‘पटले’ म्हणत नाहीत. मराठीच्या पोटात संमतीची ही कल्पना पूर्वीपासून आहे. ती इंग्रजी कायद्याने आणून दिलेली नाही.

मग याच शब्दाचे ‘पटवणे’ झाल्यावर काय होते? व्याकरणाने थोडे पाहू. ‘तिला पटले’ आणि ‘तिला पटवले’ या दोन वाक्यांत ‘तिला’ हाच शब्द आहे. पण पहिल्या वाक्यातली ‘तिला’ ही ठरवणारी आहे. तिच्या मनाने कौल दिल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही. दुसऱ्या वाक्यातली ‘तिला’ ही जिच्यावर क्रिया घडली ती आहे. ठरवणारा दुसराच कोणी आहे, आणि त्याचे नाव वाक्यात नसले तरी ऐकणारा ते ओळखतो. तिसरे वाक्य याहून पुढचे आहे : ‘ती पटली’. येथे ती कर्ता दिसते खरी, पण कशी? ‘हुंडी पटली’ या वाक्यातल्या हुंडीसारखी. हुंडी काही ठरवत नाही. ती ज्याच्या हातात असते त्याला पैसे मिळतात.

याउलट ‘पटवून देणे’ हा त्याच धातूचा दुसरा प्रयोग घ्या. ‘त्याने तिला आपले म्हणणे पटवून दिले.’ येथे कर्म आहे ते म्हणणे, ती नव्हे. ती ऐकणारी आहे, तोलणारी आहे, नको म्हणू शकणारी आहे. एका ‘देणे’च्या फरकाने माणूस वस्तूचा पुन्हा माणूस होतो. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी मला त्याचे काम पडणार आहे.

आता या शब्दाचे सगेसोयरे पाहू. मराठीत पुरुषाने स्त्रीच्या मागे लागण्याचे जे शब्द आहेत ते ढोबळमानाने चार घरांतून आले आहेत. पहिले घर बाजाराचे : पटवणे, सौदा जमणे, ‘ती भाव देत नाही’, ‘ती भाव खाते’. दुसरे घर शिकारीचे : हेरणे, गाठणे, घिरट्या घालणे, गळाला लावणे, जाळ्यात ओढणे, आणि ज्याच्यावर हे करायचे ते ‘सावज’. तिसरे घर मंत्रतंत्राचे : वश करणे, भुरळ घालणे, मोहिनी घालणे. चौथे घर पोलिसठाण्याचे : फूस लावणे, पळवणे. अलीकडचे ‘लाईन मारणे’ पाहा. त्यात मुलगा लाईन ‘मारतो’, आणि मुलगी ‘देते’. इंग्रजीतून ‘प्रपोज’ आला, तर आमच्या पोरांनी त्यालाही ‘मारणे’च जोडले, ‘प्रपोज मारला’ म्हणतात. शब्द परका आला तरी क्रियापद घरचे राहिले.

या घरांच्या बाहेर काही साधे शब्द आहेत. आमच्या वस्तीत बायका म्हणत, ‘त्याचं अन् तिचं जमलंय.’ कोणी म्हणे, ‘सूत जुळलंय.’ या वाक्यांत मारणारा नाही, पटवणारा नाही. दोघे आहेत, आणि त्यांच्यात काहीतरी झाले आहे. ज्यांच्याजवळ बाजारात न्यायला हुंडी नव्हती आणि शिकारीला रान नव्हते त्यांच्या तोंडी हे शब्द अधिक असावेत, याचे मला नवल वाटत नाही. तरीही आमची वस्ती म्हणजे समतेचा स्वर्ग होता असे मी म्हणणार नाही. मुलीला विचारून लग्ने तेथेही फारशी होत नव्हती.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ‘पटवणे’ हे क्रियापद कोणाला वापरता येते?

गावातल्या वरच्या जातीच्या मुलाने आपल्याच जातीच्या मुलीशी संधान बांधले, तर मित्र म्हणतात, ‘पटवली’. घरचे म्हणतात, ‘पोराचं वय आहे’. फार झाले तर दोन्ही घरची मोठी माणसे बसतात आणि लग्न उरकून टाकतात. हीच गोष्ट दलित मुलाने वरच्या जातीच्या मुलीशी केली की शब्द बदलतो. आता ‘पटवली’ नाही. आता ‘फूस लावली’, ‘नादी लावली’, ‘पळवली’. मुलगी सज्ञान असो, स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडलेली असो, फिर्यादीतला शब्द हाच. भारतीय दंड विधानाची ३६३ आणि ३६६ ही अपहरणाची कलमे कित्येक प्रेमिकांच्या वाट्याला अशीच आली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, ‘फूस लावून’ हे दोन शब्द बातम्यांतून गेले नाहीत.

तिसरा प्रकार उलटा आहे. वरच्या जातीचा मुलगा दलित मुलीच्या मागे लागला, तर दोष कोणाला? ‘तिनेच त्याला नादी लावला.’ येथे एकदम स्त्री कर्ता होते! एरवी जिला वाक्यात कर्त्याची जागा मिळत नाही, तिला ती फक्त दोष घेण्यापुरती मिळते. क्रिया एकच, पण करणाऱ्याची जात पाहून तिला खोडी, गुन्हा किंवा चारित्र्यहीनता असे नाव मिळते. शब्दाची जात म्हणतो ती हीच.

हा भेद आजकालचा नाही, आणि नुसता बोलीतलाही नाही. तो एकदा कायदा म्हणून लिहिलेला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मुलीशी प्रेमसंबंध जोडण्याविषयी श्लोक आहेत. त्यांचा आशय असा की, उच्च वर्णाच्या मुलीशी संबंध जोडणारा हीन वर्णाचा पुरुष वधाला पात्र होतो. मुलगी समान वर्णाची असेल, तर बापाची इच्छा असल्यास त्याने शुल्क द्यावे. मुलीच्या बाबतीत तर अधिक स्पष्ट आहे. ती आपल्याहून उच्च पुरुषाकडे गेली तर तिला काहीच दंड नाही. हीन पुरुषाकडे गेली तर तिला घरात कोंडून ठेवावे. खालच्याला वध, बरोबरीच्याला किंमत, मुलीला कोंडवाडा. विवाहाच्या पोथ्यांतले अनुलोम आणि प्रतिलोम हे शब्दही असेच बोलके आहेत. अनुलोम म्हणजे केसांच्या दिशेने, प्रतिलोम म्हणजे केसांच्या उलट. पुरुष वरचा आणि स्त्री खालची असेल तर हात सुलट फिरतो. पुरुष खालचा असेल तर केस उभे राहतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळण्यात आला. पण ग्रंथ जाळल्याने त्यातली क्रियापदे जळत नाहीत. ती तोंडातोंडात राहतात.

दलित स्त्रीच्या वाट्याला तर ‘पटवणे’ इतकाही मान आला नाही. पटवायचे म्हणजे निदान तिच्या होकाराची वाट पाहायची, चार दिवस तिच्या दारावरून फेऱ्या मारायच्या. जिथे ही उसाभर करण्याची गरज वाटत नव्हती तिथे वेगळे शब्द होते. तमाशाच्या फडात ‘दौलतजादा’ होता. कोल्हाटी समाजात मुलीचा ‘चिरा उतरवणे’ होते. वयात आलेल्या मुलीवरचा पहिला हक्क पैसेवाला माणूस विकत घ्यायचा. १९९४ साली आलेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये किशोर शांताबाई काळे यांनी ते जग आतून दाखवले. मुरळी आणि जोगतीण यांना देवाच्या नावाने सोडले जाई, आणि देवाच्या नावाआडून गावातला धनी पुढे येई. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. प्रतिष्ठित घरांत याच व्यवहाराला ‘अंगवस्त्र’ असा शालीन शब्द होता. हवे तेव्हा खांद्यावर घ्यायचे आणि नको तेव्हा खुंटीला टांगायचे ते वस्त्र. या शब्दांत प्रेमाची भाषा नाही. किंमत आणि मालकी आहे. पण लावणी-नाटकांतून हेच जग शृंगार म्हणून आपल्यासमोर आले, आणि आपणही शिट्ट्या वाजवल्या.

शब्द मेल्यानंतरही पाठ सोडत नाहीत. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आले. कुटुंब जमिनीसाठी झगडत होते. त्यातल्या स्त्रीने दुसऱ्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. पण हत्येनंतर काय पसरवले गेले? ‘अनैतिक संबंध’. जमीन आणि साक्ष मागे पडली. बाईची ‘भानगड’ पुढे आली. अत्याचाराचे कारण बदलायला हा एक शब्द पुरतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातला जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा वर्गातल्या शालू नावाच्या सवर्ण मुलीवर मनोमन प्रेम करतो. तो तिला ‘पटवत’ नाही. त्याला ते क्रियापद उपलब्धच नाही. तो रानोमाळ काळी चिमणी शोधतो. तिला जाळून तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते असे त्याने ऐकलेले असते. वर मी जे तिसरे घर सांगितले, मंत्रतंत्राचे, ते कोणासाठी आहे ते येथे कळते. ज्याला समोर जाऊन बोलण्याची सोय नाही त्याच्यासाठी ते आहे. पाटलाच्या पोराला राखेची गरज पडत नाही.

आणि बोलले तर काय होते? त्याच वर्षी २८ एप्रिलला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, एवढा संशय त्याला पुरला. मुलीला कोणी विचारले नाही. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. ‘बोलणे’ हे मराठीतले सर्वांत साधे क्रियापद असेल. त्या पोराच्या बाबतीत त्याचाही अर्थ ‘पटवणे’ असा लावला गेला, आणि शिक्षा मनूच्या आठव्या अध्यायातली दिली गेली.

येथपर्यंत वाचून आपले तरुण मित्र माना डोलावतील. आता त्यांना थोडे न रुचणारे सांगतो. आपल्याही पोरांत एक भाषा आहे. ‘त्यांची पोरगी पटवली’ असे कोणी छाती फुगवून सांगतो आणि ऐकणाऱ्यांना गावकुसावर चढाई केल्याचा आनंद होतो. हजार वर्षांचा अपमान असा फिटला असे वाटते. मला त्या आनंदामागची जखम कळते. पण वाक्य तपासून पाहा. ‘त्यांची’ पोरगी. ती त्यांचीच वस्तू होती, आता आपल्या हाती लागली. म्हणजे मालक बदलला, हुंडी तीच राहिली. जातीचा सगळा कारभार स्त्री ही जातीची मालमत्ता आहे या एका समजुतीवर चालतो. ती समजूत मान्य करून आपण जातीशी लढत असू, तर शत्रूच्याच दारूगोळ्याने शत्रूवर बार काढल्यासारखे होईल. शिवाय अशा बढाईची किंमत कोण चुकवते? ती मुलगी चुकवते. आणि आपल्या वस्तीतल्या मुली चुकवतात, कारण बदला घ्यायला येणारे प्रथम त्यांनाच गाठतात.

आपल्याच मुलींच्या मागे आपलीच पोरे लागतात तेव्हा काय? तेथे तर जातीचा बहाणाही नाही. आमच्या मुलींनी शाळा-कॉलेजची वाट धरली ती फार कष्टाने. वाटेवर कोणी रोज आडवा येऊ लागला की घरचे म्हणतात, ‘बस झाली शाळा.’ पोराला दोन दिवसांची करमणूक होते, पोरीचे शिक्षण संपते. मी शिकवत होतो त्या काळात असे तीन-चार दाखले डोळ्यांसमोर घडले. त्या मुलींची नावे हजेरीपटावरून गेली, एवढीच नोंद राहिली.

याच मुद्द्यावर कायद्याने अलीकडे एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे. २०१३ साली दंड विधानात ३५४-ड हे कलम घातले गेले. स्त्रीने आपल्याला रस नाही असे स्पष्ट दाखवूनही पुरुष तिचा वारंवार पाठलाग करील, तर तो गुन्हा ठरला. न्याय संहितेत ते आता कलम ७८ आहे. यात कसोटी कोणती? मुलाची जात नाही, बापाची अब्रू नाही, तिची इच्छा. २७ मार्च २०१८ च्या शक्तिवाहिनी प्रकरणातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की दोन सज्ञान व्यक्तींनी विवाहाला संमती दिली असेल तर कुटुंबाची, जमातीची किंवा पंचायतीची परवानगी आवश्यक नाही. हे दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. तिचा नकार असेल तर कोणी मागे लागू नये, आणि तिचा होकार असेल तर कोणी आड येऊ नये. आठव्या अध्यायाला याहून सरळ उत्तर नाही. ते गावात किती पोचले, हा वेगळा प्रश्न आहे.

एकदा वर्गात मी ‘पटणे’ या क्रियापदाची वाक्ये करायला सांगितली होती. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘सर, माझं वाक्य : मला नाही पटलं.’’ वर्ग शांत झाला. व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते, म्हणून मी पुढे शिकवू लागलो. पण या शब्दाविषयी मला जे म्हणायचे आहे ते बहुतेक त्या वाक्यात आहे. दलित साहित्याने ‘नकार’ हा आपला पहिला शब्द मानला. जे लादले गेले ते आम्ही नाकारतो, असे म्हणत आपण लिहू लागलो. ज्या चळवळीने नकाराला एवढे मोल दिले तिने मुलीच्या नकाराला ‘भाव खाते’ म्हणावे काय? नकार हा आपला हक्क असेल तर तो तिचाही आहे, आणि तो आपल्याविरुद्ध वापरला गेला तरी आहे.

मग प्रेम करूच नये काय? उलट करावे, आणि जातीची वेस ओलांडून करावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला होता. मंडळाला त्यातला काही भाग पचला नाही, तो वगळण्याचा आग्रह झाला, आणि अखेर परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी एक शब्दही न बदलता भाषण छापून लोकांसमोर ठेवले. मंडळाला खूष करण्यासाठी त्यांनी आपले म्हणणे सौम्य केले नाही, आणि आपले म्हणणे कोणाच्या गळीही उतरवले नाही. पटेल त्याने घ्यावे. ‘पटवून देणे’ म्हणतात ते हेच. प्रेमातही याहून वेगळी रीत नाही. आपण कोण आहोत, काय वाटते, हे न लपवता समोर ठेवावे आणि उत्तर तिच्यावर सोडावे. मग एखाद्या मुलाला मित्रांना सांगावेसे वाटले, तर त्याने ‘पटवली’ म्हणू नये. ‘तिला पटलं’ म्हणावे. आणि पटले नसेल, तर तेही तितक्याच सरळ सांगावे आणि वाट सोडावी.